पाऊण किलो पाणी उडाल्यावर

घरी केलेलं कंडेन्स्ड मिल्क चाखून कुणी ‘अगदी डब्यातल्यासारखं झालंय’ म्हटलं, की ती दाद मला अपुरी वाटते. डब्यातलं दूध हा चांगला पदार्थ आहे, पण वेगळा. दोघांत दूध तेच, साखर तीच, उरलेलं पाणीही साधारण सारखंच. तरी एकाने आच सोसलेली असते आणि दुसऱ्याला ती लागू नये म्हणून दीडशेहून जास्त वर्षं खटपट झालेली आहे. या एका फरकातून रंग, वास, धार, जिभेवरचा स्पर्श आणि घोट गेल्यावर मागे रेंगाळणारी चव, सगळं निघतं. घरच्या आटीव दुधाकडे बघायचं तर डबा क्षणभर बाजूला ठेवावा.

आधी रंग. त्यासाठी दूध म्हशीचंच घ्यावं, असं माझं मत आहे. गाईच्या दुधात कॅरोटीन असतं, त्यामुळे ते मुळातच पिवळसर. म्हशीच्या दुधात ते जवळजवळ नसतं. म्हणून म्हशीचं दूध आटवताना जो रंग चढत जातो तो सगळाच्या सगळा आचेचा असतो, त्यात उसनं काही नाही. सुरुवातीला बराच वेळ काही दिसत नाही. दूध निम्मं होत आलं की पांढऱ्यावर हस्तिदंती छटा येते आणि शेवटी, विस्तव मंद ठेवला असेल तर, अगदी फिकट बदामी. हा रंग साखर करपल्याचा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आपण वरून घातलेली साखर या रंगात फारसा भाग घेत नाही. दुधात स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. ती आणि दुधातली प्रथिनं आचेवर एकमेकांत मिसळून हा रंग तयार करतात, आणि त्याच्याबरोबरच तो खमंग, किंचित पेढ्याच्या अंगाने जाणारा वासही. म्हणजे घरच्या आटीव दुधाचा रंग हा दुधाचाच रंग आहे, फक्त तो बाहेर यायला तासभर विस्तव लागतो.

डब्यातल्या दुधाला हा रंग आणि वास इतका का नसतो, हे समजलं की त्याच्याबद्दलही आदर वाटतो. अमेरिकेत गेल बॉर्डन याने 1856 साली हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात दूध आटवण्याचं पेटंट घेतलं. शेकर पंथाच्या लोकांच्या वसाहतीत रस आटवण्यासाठी असं भांडं वापरत, ते त्याने पाहिलं होतं. आतला दाब कमी केला की दूध शंभर अंशांची वाट बघत नाही, पन्नास-साठ अंशांनाच उकळतं. पाणी उडून जातं आणि दुधाला कढल्याचा वास फारसा लागत नाही. पाश्चरचे जंतूंविषयीचे शोध लोकांपर्यंत पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे, त्यामुळे आपलं दूध टिकतं का, याचं पुरतं उत्तर बॉर्डनपाशी नव्हतं. तरी ते टिकलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्याने ते डब्यांनी उचललं. 1866 मध्ये पेज बंधूंनी स्वित्झर्लंडमधल्या चाम गावी अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी काढली, 1905 मध्ये ती नेस्लेत विलीन झाली आणि 1912 पासून त्या कंपनीचा भारताशी व्यापार सुरू झाला. नेस्लेचा पंजाबातल्या मोग्याचा कारखाना 1961 चा. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी डब्याला दोन भोकं पाडून, एकातून हवा आत सोडत दुसऱ्यातून धार काढली आहे, ती या लांबच्या प्रवासाच्या शेवटी.

तिकडे दूध आटवलं गेलं ते नासू नये म्हणून, लांब न्यायचं म्हणून. आपल्याकडेही ते कारण होतंच. जिथे दूध भरपूर आणि बाजार दूर, तिथे खव्याच्या भट्ट्या पेटल्या. धाराशिवकडचा भूम-कुंथलगिरीचा भाग खव्यासाठी नावाजला आहे तो असाच. पण घरात, पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकात, दूध आटवलं गेलं ते चवीसाठी. कोजागिरीला चंद्र वर येईपर्यंत पातेलं मंद आचेवर असायचं, ते दूध नासेल या भीतीने नव्हे. आटलेलं दूध न आटलेल्या दुधापेक्षा जास्त चांगलं लागतं, एवढंच साधं कारण.

आटवण्याच्या आपल्या पद्धती एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या सायीला दिलेल्या वागणुकीवरून. हे मला फार सुंदर वाटतं. रबडीत साय येऊ द्यायची, ती अलगद कडेला ओढून कढईला चिकटवून ठेवायची आणि शेवटी खरवडून पुन्हा दुधात सोडायची. घासागणिक ती पदराने दाताखाली येते. बासुंदीत साय येते आणि आलटून पालटून मोडत राहतात. नरसोबाच्या वाडीला, कुरुंदवाडला चांगली बासुंदी खाल्ली असेल तर तो मधूनच जाणवणारा मऊ तुकडा आठवेल. घरच्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये मात्र साय येऊच द्यायची नाही. कालथा थांबवायचा नाही. कालथा थांबला की वर हवेला टेकलेलं पाणी उडतं, प्रथिनं आणि स्निग्धांश एकमेकांना धरतात, पापुद्रा बनतो आणि एकदा बनलेला पापुद्रा पुन्हा पूर्ण विरघळत नाही. कितीही घोटलं तरी त्याचे कण राहतात. म्हणून या पदार्थाची सगळी मिजास त्याच्या सलगपणात आहे. चमच्यातून पडताना त्यात कुठे तुकडा, पापुद्रा, रवा दिसता कामा नये. बासुंदी करणाऱ्या हातांना हे शिस्तीचं काम थोडं जड जातं, कारण सायीला मारायचं त्यांच्या जिवावर येतं. मला ते समजतं. पण या पदार्थात ती हवीच असेल तर बासुंदी करावी.

आता मापाकडे वळू, कारण घरच्या आटीव दुधातले निम्मे दोष मापातूनच येतात. बहुतेक जण दूध निम्मं झालं की साखर घालतात, पातेलं उतरवतात आणि गार झाल्यावर ते पळीतून पाण्यासारखं का पडतंय म्हणून हिरमुसतात. हिशोब करून बघा. फुल क्रीम दुधाच्या पिशवीत साधारण 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के इतर घन भाग असतो. म्हणजे एका लिटरात दीडशे ग्रॅमच्या थोडं वर दूध आणि उरलेलं पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास पाणी. आपल्याकडच्या 2011 च्या अन्नविषयक नियमांत गोड आटीव दुधात किमान 31 टक्के दुधाचा घन भाग, 9 टक्के स्निग्धांश आणि 40 टक्के साखर हवी, असं होतं. मग एका लिटराला 200 ग्रॅम साखर घातली तर सगळं मिळून 500 ग्रॅम उरेपर्यंत आटवावं लागतं. त्यात साखर 200, दूध 155 आणि पाणी 145. म्हणजे जवळपास पाऊण किलो पाणी कढईतून उडून जायला हवं. निम्म्यावर थांबलेल्या दुधात हे पाणी बरंच शिल्लक असतं. रिकामी कढई आधी वजन करून ठेवली तर शेवटी कढईसकट वजन करून हे नेमकं कळतं. हे वाचताना रुक्ष वाटेल, पण इथे अंदाजाचा हात नेहमी आधी थांबतो, कारण गरम दूध फसवतं. आचेवर पातळ दिसलेलं गार झाल्यावर दाट होतं, हे खरं. पण निम्म्यावर उतरवलेलं कितीही गार केलं तरी दाट होत नाही.

गंमत अशी की या हिशोबात स्निग्धांश 12 टक्क्यांच्या पुढे जातो. त्या नियमाने 9 पुरत. म्हशीच्या दुधाच्या घरच्या कढईत तो आपसूक जास्त असतो, आणि जिभेवर पहिली जाणीव होते ती त्याचीच.

साखर कधी घालायची यावर घरोघर मतं आहेत. माझं मत उशिरा घालावी असं आहे. दूध निम्म्याच्याही खाली आल्यावर. आधी साखर घातली तर मिश्रण लवकर जड होतं, बुडाला धरतं आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे खरी नजर लागते, तिथे सारखं खरवडत बसावं लागतं. दूधडेअऱ्यांतही साखर शेवटाकडेच घालतात, कारण आधी घातलेल्या साखरेबरोबर खूप तापवलेलं दूध नंतर साठवणीत घट्ट होत जातं. साखर पडल्यावर दूध एकदम सैल होतं. ते बघून अनेकांचा धीर सुटतो. तिथून पुढे पुन्हा दाट व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि याच वेळात बदामी रंग येतो.

याच वेळात आवाजही बदलतो. सुरुवातीचा उकळीचा आवाज मोकळा, पसरट. पुढे बुडबुडे लहान होतात, मग जड, आणि शेवटी कढई फदफदायला लागते. मनगटावर एखादा थेंब उडतो. तो उडाला की आच आणखी खाली आणावी.

रुंद तोंडाची, जड बुडाची कढई घ्यावी, म्हणजे वाफेला जागा मिळते आणि आच एका ठिकाणी एकवटत नाही. कल्हईचं पितळी भांडं असेल तर उत्तमच. चिमूटभर खायचा सोडा घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात. आटताना दूध किंचित आंबूस होत जातं आणि फाटायची भीती वाढते, सोडा ती भीती घालवतो, हे बरोबर. पण सोड्याने रंगही भराभर चढतो. अर्जेंटिनातल्या दुल्से दे लेचे या आटीव दुधाला तो मुद्दाम घालतात आणि तिथे तो गडद तपकिरी रंग हवाच असतो. आपल्याला फिकट बदामीवर थांबायचं असेल तर सोडा नको. त्याच दिवशीचं ताजं दूध असेल तर त्याची गरजही पडत नाही.

इतकं सगळं नीट केलं, गार झाल्यावर बरणीत भरलं, आणि चार दिवसांनी चमचा घातला तर जिभेला वाळूसारखं काही लागतं. हा दोष सर्वांत जास्त गैरसमजाचा. लोक म्हणतात साखर विरघळली नाही. खरं तर तो रवा आपल्या साखरेचा नसतोच. पुन्हा ती दुधातलीच साखर, लॅक्टोज. एका लिटर दुधात ती पन्नास ग्रॅमच्या आसपास असते आणि पाण्यात ती फारशी विरघळत नाही. एवढं पाणी उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ती मावत नाही. निम्म्याहून जास्त लॅक्टोज स्फटिक होऊन बाहेर पडणारच, ते कुणाला टाळता येत नाही. डब्यातल्या दुधातही ते असतं. फरक एवढाच, की तिथे स्फटिक दहा मायक्रॉनच्या आतले, जिभेला न कळणारे ठेवतात. त्यासाठी दूध तीसेक अंशांपर्यंत झटकन गार करून त्यात लॅक्टोजची बारीक पूड टाकतात आणि ढवळत राहतात. म्हणजे थोडे मोठे स्फटिक होण्याऐवजी असंख्य बारीक होतात. घरी हे जमतं. कढई उतरवली की लगेच गार पाण्याच्या परातीत ठेवायची, ढवळणं चालूच, आणि कोमट झालं की मागच्या खेपेचं चमचाभर आटीव दूध त्यात मिसळायचं. विरजण लावतो तसंच हे, एका चमच्याने बाकीच्यांना वळण लागतं. आटवताना तासभर ढवळणारी माणसं गार होताना बरणीत ओतून मोकळी होतात. चांगल्या आणि फार चांगल्या आटीव दुधातला फरक या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत पडतो, असं मला ठामपणे वाटतं.

पेढ्यातला रवा आपल्याला आवडतो आणि इथला का खटकतो, हेही पाहण्यासारखं आहे. पेढ्याचा रवा मुख्यतः खव्यातल्या प्रथिनांचा. तो दाताखाली मऊ पडतो, चवीला दुधाचाच असतो. लॅक्टोजचा स्फटिक कडक असतो, हळूहळू विरघळतो आणि त्याची गोडी साध्या साखरेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी. म्हणजे तो जिभेला नुसता खरखर देतो, बदल्यात काही देत नाही.

आता चमचा उचलून वरून सोडा. चांगलं झालेलं आटीव दूध तुटत नाही. धार जाड सुरू होते, खाली जाता जाता बारीक होते, पडलेल्या जागी क्षणभर घडी घालते आणि ती घडी सावकाश विरते. लगेच विरली तर पाणी जास्त आहे. विरलीच नाही तर जरा पुढे गेलंय. तुपाचा तवंग वर तरंगत असेल तर दूध सुट्टं, स्निग्धांश एकजीव न केलेलं होतं. चवीला हरकत नाही, सलगपणाला आहे.

मग तोंडात. आधी गार, जड स्निग्धपणा टाळूला भिडतो. गोडी त्याच्यामागून येते, पुढे नाही. हे घरच्या दुधात विशेष जाणवतं, कारण स्निग्धांश जास्त असल्याने साखर थेट अंगावर येत नाही. गोडी ओसरायला लागली की खमंगपणा कळतो, नाकाच्या मागच्या बाजूने. आणि अगदी शेवटी, बहुतेकांच्या लक्षात न येणारी, एक हलकी खारट रेघ. दुधातले क्षार पाण्याबरोबर उडत नाहीत, तेही दाट होतात. ही खारट रेघ मला या पदार्थाची सर्वांत नाजूक गोष्ट वाटते. तिच्यामुळे दुसरा चमचा घ्यावासा वाटतो. वेलची, जायफळ, केशर घातलं की ती पार बुजते. कोजागिरीच्या दुधात मसाला शोभतो, तिथे दूध पातळ असतं आणि मसाल्याला जागा असते. इथे तो घालू नये. व्हॅनिला इसेन्स तर मुळीच नको, तो डब्याची आठवण करून देण्यासाठी घातला जातो आणि घरच्या दुधाचा वासच मारतो.

झटपट पद्धतीही चालतात. दूध पावडर, साखर, लोणी आणि गरम पाणी मिक्सरमध्ये फिरवलं की पाच मिनिटांत दाट, गोड, सलग काहीतरी तयार होतं. केकला, आईस्क्रीमला ते पुरेसं आहे. पण पावडर कारखान्यात कमी आचेवर सुकवलेली असते, मग त्यात हा खमंगपणा यायचा कुठून?

डब्याची जागा कुठली, हेही सांगायला हवं. गोव्यात सेरादुरा करतात. फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क, मध्ये मारी बिस्किटांचा भुगा, असे थर. तिथे डबाच योग्य. त्या पदार्थाला पांढरी, सरळ गोडी हवी, तिच्यात आचेचा वास आला तर बिस्किटाचा वास मागे पडेल. तीच गोष्ट व्हिएतनाममधल्या कडक गाळीव कॉफीची. फ्रेंचांनी तिथे कॉफी नेली, ताजं दूध मिळेना, म्हणून तळाशी डब्यातलं दूध आलं आणि आता त्याशिवाय ती कॉफी होत नाही. घरचं आटीव दूध घालून ती करून पाहावी, चव बरीच वेगळी येते, आणि मला ती जास्त आवडते, कारण कॉफीचा भाजका वास आणि दुधाचा आटीव वास एकाच घरातले वाटतात. पण तो व्हिएतनामी पेला नव्हे, हे मान्य.

घरच्या दुधाला खरी साथ लागते ती आंबट फळाची किंवा साध्या पिठाची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या चिरून वर एक धार सोडा. फळाच्या आंबटपणाने दूध त्या जागी किंचित घट्ट होतं आणि फळाला धरून बसतं. किंवा आदल्या दिवसाची पोळी तव्यावर कडक करून तिच्यावर पसरा. तुपाची गरज नाही. इतर मिठायांत मिसळून ते वाया घालवू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तासभर उभं राहून आणलेला तो खमंगपणा वेलची-सुक्यामेव्यात कुणाला कळत नाही.

येत्या कोजागिरीला मोठं पातेलं चढवाल तेव्हा शेजारच्या शेगडीवर एक लिटर दूध वेगळं ठेवा. साखर 200 ग्रॅम, त्याहून जास्त नको. 500 ग्रॅम उरेपर्यंत थांबा, गार होईस्तोवर ढवळा आणि पहिला चमचा कशातही न मिसळता खा. स्वच्छ, कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. डब्याच्या मानाने पाणी थोडं जास्त राहिलेलं असतं, म्हणून ते आठवड्याभरात संपवा.